रुग्णालयाची गावकी

आमच्या दिवेआगरचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत येते ते प्रामुख्याने एका ताम्रपटामुळे. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० मधला हा ताम्रपट मराठीतला सर्वांत जुना ताम्रपट मानला जातो. भाषेचे अभ्यासक त्यातली रूपे आणि प्रत्यय पाहतात. मी काही भाषेचा अभ्यासक नाही. सुपारीची वाडी सांभाळून उरलेल्या वेळात जुने कागद वाचणारा माणूस. मी तो मजकूर पहिल्यांदा वाचला तेव्हा माझे लक्ष गेले ते त्यातल्या माणसांच्या नावांकडे. घैसासांसारखे आजही कोकणात ऐकू येणारे आडनाव साडेनऊशे वर्षांपूर्वीच्या तांब्यावर दिसले आणि मी थबकलो. गावच्या व्यवहारात ज्यांना बोलायचा हक्क होता, त्यांची नावे तांब्यावर राहिली. बाकीच्यांची राहिली नाहीत.

कोकणात या हक्काला अजूनही एक शब्द आहे, गावकी. पालखी कोणत्या वाटेने न्यायची, देवळाच्या पैशाचे काय करायचे, गावच्या कामाला घरटी किती माणसे द्यायची, हे गावकीत ठरते. गावकीत बसणारा आणि गावकीचे काम करणारा हे दोघे दर वेळी एकच असतात असे नाही. गाव जिच्या कष्टावर चालते ती बाई तर वर्षानुवर्षे गावकीच्या बाहेरच राहिली.

हे सगळे मला आठवण्याचे कारण माझ्या आत्याची ट्रंक. ती १९६० च्या दशकात दिवेआगरहून म्हसळ्यामार्गे एस.टी.ने मुंबईला गेली, साडेतीन वर्षांचे शिक्षण पुरे करून एका मोठ्या रुग्णालयात परिचारिका झाली आणि निवृत्त होऊन गावी परत आली. ती गेल्यानंतर ट्रंक उघडली, तर तिच्यात पांढऱ्या साड्या, परिचर्या परिषदेचे नोंदणीपत्र आणि कार्बन कागदाने उमटवलेली एका खुलाशाची प्रत होती. रात्रपाळीत एक म्हातारा रुग्ण खाटेवरून पडला. त्या वेळी तुम्ही त्याच्याजवळ का नव्हता, असा मेमो आत्याला मिळाला होता. तिने खुलाशात लिहिले होते की ती वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला एका मरणासन्न रुग्णापाशी होती, खाटांइतकेच रुग्ण खाली जमिनीवरही होते, आणि त्या रात्री वॉर्डात ती एकटी होती. खुलासा दाखल झाला, आत्याला समज मिळाली. मात्र त्या रात्री वॉर्डात एकच परिचारिका असावी असे कोणी ठरवले, हा प्रश्न मेमोत नव्हता.

तो प्रश्न घेऊन मी गेली काही वर्षे मिळेल ते वाचत आलो. रुग्णालय हेही एक गावच आहे. त्याच्या गावकीत परिचारिका कधी बसली का, आणि बसली असेल तर कशी, एवढेच या लेखात मांडायचे आहे.

*

आपण परिचारिकेला सिस्टर म्हणतो. या एका शब्दात मोठा इतिहास आहे. युरोपात शुश्रूषा हे धर्मसंघातल्या जोगिणींचे काम होते आणि सिस्टर हे संबोधन तिकडून आले. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी परिचारिकांची शाळा सुरू केली, तेव्हा या कामाला पगारी, शिकलेल्या व्यवसायाचे रूप आले. पण नाइटिंगेल यांचे नाव झाले होते क्रिमियाच्या युद्धातल्या लष्करी इस्पितळात. त्यामुळे नव्या व्यवसायाच्या अंगावर दोन जुने पोशाख राहिले, एक मठाचा आणि दुसरा पलटणीचा. मठाने सेवाभाव दिला, पलटणीने हुकूम मानायची शिस्त. दोन्हीकडे सल्लामसलतीला जागा नव्हती.

मुंबईत ही व्यवस्था आली ती याच पोशाखात. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून उभे राहिलेले, बायका आणि मुलांसाठीचे कामा हॉस्पिटल १८८६ साली सुरू झाले. तिथे बायकांवर उपचार करायला बायकाच डॉक्टर असाव्यात म्हणून इंग्लंडहून डॉ. एडिथ पेची यांना आणले होते. त्यांनी इथल्या मुलींना परिचर्येचे शिक्षण देण्यासाठीही खटपट केली. भारतीय परिचर्येच्या इतिहासात १८९१ साली प्रशिक्षणाला आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचे नाव पहिली भारतीय परिचारिका म्हणून घेतले जाते. त्यांच्याविषयी नावापलीकडे फारसे कुठे लिहिलेले आढळत नाही. तरी नाव राहिले, हेही थोडे नव्हे.

आपल्या समाजाच्या बाजूने हे काम कसे दिसत होते? परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, मलमूत्र काढायचे, जातगोत न विचारता कोणाच्याही तोंडात पाणी घालायचे, शिवाय रात्री घराबाहेर राहायचे. घरंदाज म्हणवणाऱ्या घरांत यातल्या एकेका गोष्टीवर बहिष्कार पडला असता. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झाले. तिथल्या मुलींना आणि विधवांना ससून रुग्णालयात परिचर्या शिकायला पाठवण्याचे धाडस रमाबाई रानड्यांनी केले. ज्या विधवेला घरात कोपऱ्याखेरीज जागा नव्हती, तिला गणवेश, पगार आणि राहायला खोली मिळाली. ही मुक्ती खरीच होती. पण घरच्या सासूच्या जागी मेट्रन आली, हेही तितकेच खरे. वसतिगृहात किती वाजता परतायचे, कोणाला भेटायचे, सुट्टीला कुठे जायचे, सगळे मेट्रन ठरवी. लग्न झाले की नोकरी सोडायची, असाही पायंडा अनेक ठिकाणी होता. तो किती चिवट होता याचा पुरावा अगदी अलीकडचा आहे. लष्करी परिचर्या सेवेतल्या सेलिना जॉन यांना लग्न केले म्हणून १९८८ साली सेवेतून काढले गेले. तो नियमच १९९५ साली मागे घेतला गेला, आणि त्यांना साठ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला तो फेब्रुवारी २०२४ मध्ये.

परिचारिकांनी स्वतःची संघटना मात्र लवकर बांधली. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया १९०८ सालची. १९१० पासून तिचे मासिक निघू लागले. १९३५ साली मुंबई इलाख्यात परिचारिका, सुईणी आणि आरोग्य अभ्यागतांच्या नोंदणीचा कायदा झाला. देशपातळीवरचा भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ चा. म्हणजे कोणाला परिचारिका म्हणायचे, तिने काय शिकायचे, यावर व्यवसायाचा अधिकार आला. आत्याच्या ट्रंकेतले नोंदणीपत्र याच अधिकाराचे अपत्य.

पण नोंदणी ही रुग्णालयाच्या दाराबाहेरची गोष्ट. दाराच्या आत उतरंड तशीच राहिली. वर अधिसेविका, तिच्याखाली सहायक अधिसेविका, मग वॉर्डाची परिसेविका, मग अधिपरिचारिका, आणि सर्वांत खाली विद्यार्थिनी. ही संपूर्ण उतरंड डॉक्टरांच्या आणि प्रशासनाच्या उतरंडीखाली. १९४६ साली भोर समितीने अहवाल दिला, तेव्हा देशात सुमारे सात हजार परिचारिका होत्या, म्हणजे त्रेचाळीस हजार लोकांमागे एक. माणसे इतकी कमी असताना त्यांना राबवण्याचाच विचार होतो, विचारण्याचा होत नाही. पुढे १९८७ साली केंद्र सरकारने सरोजिनी वरदप्पन यांच्या अध्यक्षतेखाली उच्चाधिकार समिती नेमली. तिने १९८९ च्या अहवालात अपुरी संख्या, परिचर्येबाहेरची कामे, राहण्याची आबाळ आणि धोरणे ठरवताना परिचारिकांना नसलेले स्थान, यांकडे लक्ष वेधले. चाळीस वर्षांत देश बदलला होता. दुखणे तेच होते.

*

आता मुंबईच्या परळमधल्या के.ई.एम. रुग्णालयाकडे वळतो. कारण माझ्या प्रश्नाचे सर्वांत मोठे आणि सर्वांत अवघड उत्तर तिथे आहे.

१९२६ साली सुरू झालेले हे महापालिकेचे रुग्णालय. सेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या इस्टेटीतून मिळालेल्या देणगीची अटच अशी होती की इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात भारतीय अध्यापकच असावेत. स्वाभिमानावर उभी राहिलेली ही संस्था. तिथे उत्तर कन्नडमधल्या हळदीपूरहून आलेली अरुणा रामचंद्र शानभाग ही तरुण परिचारिका काम करत होती. तिची नेमणूक कुत्र्यांवर शस्त्रक्रियांचे प्रयोग होत त्या प्रयोगशाळेत होती. तिथल्या एका सफाई कामगाराच्या वागणुकीला तिने हरकत घेतली होती आणि त्यावरून त्याचा तिच्यावर राग होता. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी ड्युटी संपवून ती तळघरात कपडे बदलायला गेली. तिथे त्याने कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळला आणि तिच्यावर अत्याचार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सापडली. मेंदूचा रक्तपुरवठा तुटल्यामुळे ती पुन्हा कधी पूर्वीसारखी झाली नाही. हल्लेखोराला शिक्षा झाली ती खुनाचा प्रयत्न आणि चोरी यांबद्दल, सात वर्षांची. लैंगिक अत्याचाराचा आरोप त्याच्यावर ठेवलाच गेला नाही.

या घटनेकडे गुन्हा म्हणून खूप पाहिले गेले. माझ्या विषयाच्या अंगाने पाहिले तर ती कामाच्या जागेची गोष्ट आहे. चुकीचे काम रोखण्याची जबाबदारी परिचारिकेवर होती. रोखल्यावर तिच्या पाठीशी उभी राहणारी यंत्रणा नव्हती. कपडे बदलायला तिला तळघर होते. आत्याच्या मेमोत जे अंतर दिसते, जबाबदारी आणि अधिकार यांतले, तेच अंतर इथे एका जिवावर बेतले.

त्यानंतर मुंबईतल्या परिचारिकांनी संप केला. अरुणाला नीट उपचार मिळावेत आणि आम्हाला सुरक्षितपणे काम करता यावे, अशा त्यांच्या मागण्या होत्या. आत्या या दिवसांविषयी फार कमी बोलायची. मेट्रनसमोर ज्यांची मान वर होत नसे त्या बायका रस्त्यावर आल्या, आणि पुढे कित्येक महिने तळघराच्या जिन्याने एकटी कोणी उतरत नसे, इतकेच तिने एकदा सांगितल्याचे आठवते.

संप मिटतात. के.ई.एम.मध्ये पुढे जे घडले ते मिटले नाही. वॉर्ड क्रमांक ४ लगतच्या एका खोलीत अरुणाला ठेवले गेले. १९८० च्या दशकात महापालिकेने खाट मोकळी व्हावी म्हणून तिला दुसरीकडे हलवण्याचा दोनदा प्रयत्न केला. परिचारिकांनी विरोध केला आणि महापालिकेला माघार घ्यावी लागली. ही रुग्ण कुठे राहील हे प्रशासन नव्हे, आम्ही ठरवू, असे परिचारिकांनी म्हटले आणि ते चालले. रुग्णालयाच्या गावकीत त्या न बोलावता जाऊन बसल्या त्या दिवशी.

मग वर्षानुवर्षे पिढ्या बदलत गेल्या. १९७३ साली ज्यांचा जन्मही झाला नव्हता अशा मुली कामावर रुजू झाल्या. त्यांना जुन्या परिचारिका त्या खोलीत नेत, अरुणाला कसे भरवायचे, कूस कशी बदलायची, तिला काय रुचते, ती कशाने बिथरते, हे दाखवत. तिला मासे आवडत. तिचा वाढदिवस साजरा होई. सदतीस वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या डॉक्टरांनी तिला तपासले, तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या या बाईच्या अंगावर एकही शय्याव्रण नव्हता. ज्यांनी घरात आजारी माणूस सांभाळले आहे त्यांना या एका वाक्याचे मोल वेगळे सांगायला नको.

१९९८ साली पत्रकार पिंकी विराणी यांनी अरुणावर पुस्तक लिहिले आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला की हे जगणे जगणे नव्हे, तिला शांतपणे मरू द्यावे. ७ मार्च २०११ रोजी न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ग्यानसुधा मिश्रा यांनी निकाल दिला. कृत्रिम आधार काढून घेण्याला, काही अटींवर आणि उच्च न्यायालयाच्या परवानगीने, या निकालाने भारतात प्रथम वाट करून दिली. त्यामुळे तो दयामरणाचा निकाल म्हणून ओळखला जातो. माझ्या दृष्टीने त्याचा दुसरा भाग तितकाच महत्त्वाचा आहे. अरुणाच्या वतीने बोलायचा हक्क कोणाचा? कायद्याच्या भाषेत तिचा वादमित्र कोण? न्यायालयाने म्हटले, के.ई.एम.चे कर्मचारी. इतकी वर्षे ज्यांनी तिला रात्रंदिवस सांभाळले, त्यांचा. त्यांनी एकमुखाने सांगितले होते की ती जगावी. एका निवृत्त परिचारिकेने तर पगार आणि प्रवासखर्च न घेता तिची शुश्रूषा करायची तयारी दाखवली होती. पुढे कधी त्यांचे मत बदलले तर त्यांनीच मुंबई उच्च न्यायालयात जावे, असेही न्यायालयाने सांगितले.

परिचारिकांच्या सामूहिक निर्णयाला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने इतके वजन दिल्याचे दुसरे उदाहरण माझ्या वाचनात नाही. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणाचे निधन झाले. शेवटचा निरोप द्यायला परिचारिकांची रीघ लागली होती.

*

याच काळात अमेरिकेत परिचर्येच्या क्षेत्रात एक वेगळा विचार रुजत होता. परिचारिकांची टंचाई इतकी होती की त्या नोकऱ्या सोडून जात. तिथल्या परिचर्या अकादमीने १९८३ साली उलटा प्रश्न विचारला. त्या जिथून जात नाहीत अशी रुग्णालये कोणती? अशी ४१ रुग्णालये निवडून त्यांचा अभ्यास झाला. परिचारिकांना धरून ठेवतात म्हणून त्यांना लोहचुंबक रुग्णालये म्हटले गेले. तिथे परिचारिकांना आपल्या कामाविषयीच्या निर्णयांत वाटा होता, प्रमुख परिचारिकेला संस्थेच्या कारभारात स्थान होते, डॉक्टरांशी बरोबरीने बोलता येत होते. टिम पोर्टर-ओ'ग्रेडी यांच्यासारख्यांनी याच सुमारास भागीदारीच्या कारभाराची पद्धत मांडली. वॉर्डात प्रत्यक्ष काम करणाऱ्या परिचारिकांची मंडळे करायची, आणि काम कसे करायचे, त्याचा दर्जा कसा तपासायचा, कोणाला काय शिकवायचे, हे ठरवण्याचा अधिकार आणि त्याची जबाबदारी दोन्ही त्यांच्याकडे द्यायची. मी याला वॉर्डाची गावकी म्हणेन, मात्र जो काम करतो तोच जिच्यात बसतो अशी.

हे वाचल्यावर के.ई.एम.ची गोष्ट मला नव्याने दिसली. त्या खोलीपुरती आपल्या परिचारिकांनी भागीदारीचा कारभारच चालवला होता, कोणत्याही पुस्तकाशिवाय. काम वाटून घेतले, नव्यांना शिकवले, दर्जा राखला आणि निर्णयाची जबाबदारी न्यायालयापर्यंत घेतली. मग तोच अधिकार शेजारच्या वॉर्ड क्रमांक ४ मध्ये का गेला नाही? तिथे एका परिचारिकेमागे किती रुग्ण असावेत, हे ठरवताना त्यांचा शब्द अखेरचा का झाला नाही?

मला वाटते, त्याचे उत्तर निकालाच्या भाषेत आणि आपल्या टाळ्यांत आहे. न्यायालयाने आणि आपण सर्वांनी त्या परिचारिकांचे कौतुक केले ते मायेसाठी. माया खरीच होती. पण शय्याव्रण मायेने टळत नाही. दर दोन तासांनी कूस बदलायला हात लागतात, पाळीवर पुरेशी माणसे लागतात, आधीच्या पाळीने पुढच्या पाळीला नेमके काय सांगायचे याची शिस्त लागते. ते कौशल्य होते आणि तो कारभार होता. आपण त्याला आईपण म्हटले आणि प्रश्न मिटवला. आईला कोणी ड्युटी चार्ट ठरवायला बोलावत नाही.

भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण सांगते की शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी. आपल्यापैकी कोणीही सरकारी रुग्णालयात रात्र काढली असेल तर हा आकडा आणि समोरचे दृश्य यांतले अंतर त्याने पाहिले आहे. खाजगी रुग्णालयांतल्या पगाराचा प्रश्न परिचारिकांच्या संघटनेला सर्वोच्च न्यायालयात न्यावा लागला. जानेवारी २०१६ मधल्या आदेशानंतर केंद्राच्या समितीने सुचवले की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही महिना किमान वीस हजार रुपये द्यावेत. शिफारस झाली, अंमल राज्यांवर राहिला. मे २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या सरकारी परिचारिका कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर गेल्या. १९७३ प्रमाणेच त्यांचे म्हणणे ऐकले जायला काम थांबावे लागले. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरच्या हत्येची सुनावणी करताना सर्वोच्च न्यायालयाला अरुणाचे नाव पुन्हा घ्यावे लागले. पन्नास वर्षांनंतरही सुरक्षित विश्रांतीच्या खोलीचीच चर्चा होती.

एक आक्षेप मी स्वतःलाच घेतला आहे आणि तो वाचकांपासून लपवू नये. के.ई.एम.च्या परिचारिकांनी अरुणाच्या वतीने जो निर्णय घेतला तो अरुणाला हवा होता का? विराणींचा प्रश्न तोच होता आणि तो निर्दय नव्हता. गावकीत काम करणारे बसले तरी ज्याच्याविषयी निर्णय होतो तो बाहेर राहू शकतो. परिचारिकांना अधिकार द्या असे म्हणताना हा धोका मान्य करायलाच हवा. पण म्हणून अधिकार पुन्हा वरच्या उतरंडीकडे गेला, तर रुग्ण आणखीच दूर जातो. खाटेच्या सर्वांत जवळ जी उभी असते तिला रुग्णाचे ऐकू येण्याची शक्यता निदान जास्त असते. अरुणाची खाट जेव्हा केवळ एक खाट म्हणून मोजली गेली, तेव्हा तिला माणूस म्हणून मोजणाऱ्या याच बायका होत्या.

*

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर धडकले. माड आणि पोफळी आडव्या झाल्या, घरांची छपरे गेली, वीज कित्येक दिवस नव्हती, आणि वरून करोना. त्या दिवसांत पडलेल्या झाडांच्या खोडांवरून पाय टाकत आरोग्य केंद्राच्या सिस्टर घरोघर येत होत्या. कोणाला रक्तदाबाच्या गोळ्या लागतात, कोणती बाई पोटुशी आहे, कुठल्या घरात म्हातारे माणूस एकटे आहे, हे त्यांना तोंडपाठ होते. पुढे वादळाचा आढावा घ्यायला गावात बैठका झाल्या. त्यांतल्या ज्या एकदोन बैठकांना मी गेलो, तिथे खुर्च्यांवर सर्व खात्यांची माणसे होती. सिस्टर दाराशी उभ्या होत्या, हातात रजिस्टर घेऊन. मागितला की आकडा द्यायच्या. मत कोणी विचारले नाही. मीही नाही विचारले.

आत्याच्या खुलाशाची ती कार्बन प्रत मी आता ताम्रपटावरच्या माझ्या टिपणांसोबत एकाच फाइलीत ठेवली आहे. एका कागदात ज्यांना बोलायचा हक्क होता त्यांची नावे आहेत. दुसऱ्यात जिला फक्त उत्तर द्यायची सक्ती होती तिची सही आहे. आमच्या गावचा इतिहास लिहायचा झाला तर दोन्ही लागतील. आणि पुढच्या वेळी गावात अशी बैठक भरली, तर दाराशी उभ्या असलेल्या बाईसाठी एक खुर्ची आधी मांडून ठेवायची, एवढे काम मी माझ्याकडे घेतले आहे.